आबांच्या दारातलं घोडं

वडील जाऊन दीड महिना झाला. त्यांची खुर्ची अजून अंगणात रस्त्याकडे तोंड करून आहे आणि खुर्चीशेजारच्या खुंटीला आमचं गाढव बांधलेलं आहे. गावात त्याला कुणी गाढव म्हणत नाही. का म्हणत नाही, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

सहा वर्षांपूर्वी लोहगडावर डागडुजीचं काम चाललं होतं. वाळू आणि दगड वर न्यायला गाढवं आणली होती. काम संपल्यावर ती गेली. मागे राहिलं एक पिल्लू, मागचा पाय अधू असलेलं. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते आणि रविवारी पुस्तक घेऊन गडावर जायची. लोहगडवाडीत भज्यांचं दुकान चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "न्या बाय ह्ये ध्यान. गिऱ्हाइकाच्या ताटातली भजी खातंय. परवा एका मुंबईवाल्याची टोपी खाल्ली."

मी ते टेम्पोत घालून मावळातल्याच कान्हे गावाजवळच्या आमच्या घरी आणलं.

वडिलांना सगळा गाव आबा म्हणायचा. उर्से बाजूची जमीन रस्त्यात गेली, तेव्हा मिळालेल्या पैशांतून दारात मोठी गाडी आली आणि बैल गेले. बैलगाडा शर्यतीच्या कमिटीतला त्यांचा मान मात्र तसाच राहिला. बैल नसलेल्या माणसाला बैलांचा अभिमान जरा जास्तच असतो, असं माझं निरीक्षण आहे.

त्यांनी पिल्लाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "आपल्या दारात गाढव?"

"पाय बरा होईपर्यंत, बाबा."

"आठ दिवस. नवव्या दिवशी दिसता कामा न्हाई."

मला तोंडाने वाद घालता येत नाही. म्हणून मी दोन पानी टिपण लिहिलं. गाढव कमी खातं, वाट विसरत नाही, उगाच कुणाला लाथ मारत नाही, असे मुद्दे मांडले आणि कागद त्यांच्या वर्तमानपत्रात ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर चांगलंय," ते म्हणाले. "आता सहा दिवस राहिले."

मी आणखी एक टिपण लिहिलं. ते आईने चुलीला लावलं. "शिकून सवरून गाढवाची वकिली," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी शिकवलं व्हय तुला?"

आठव्या दिवशी संध्याकाळी यात्रेच्या शर्यतींसाठी कमिटीची माणसं आली. आमच्याकडे गाड्याच्या बैलांपुढे घोडी पळवतात, त्यामुळे त्या मंडळींत घोड्याची पारख नसलेला एकही माणूस नव्हता. चहा झाला, गाडे पळतात त्या घाटाच्या दुरुस्तीचं बोलणं सुरू झालं आणि नेमकं तेव्हाच पिल्लाने दावं सोडवून घेतलं. लंगडत लंगडत ते पुढच्या अंगणात आलं आणि वडिलांच्या खुर्चीला पाठ घासू लागलं.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. शेवटी कमिटीतले सगळ्यांत वयस्कर आजोबा म्हणाले, "आबा, ह्ये काय म्हनायचं?"

वडिलांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बोट दाखवणार. ते म्हणाले, "घोडं."

"घोडं?"

"बारक्या जातीचं हाय. बाहेरनं आणवलंय."

आजोबांनी कप खाली ठेवला. "कान जरा लांब वाटत्यात."

"अंग वाढलं की कान बरोबर दिसतील."

"व्हय, तेबी खरंच," आजोबा म्हणाले. "मग फुडल्या साली गाड्याम्होरं पळवू की!"

"पायानं अधू हाय," वडील घाईने म्हणाले. "न्हाईतर पळवलंच असतं."

माणसं गेली. माझ्या दोन टिपणांनी जे झालं नव्हतं, ते एका शब्दाने झालं होतं. दारातलं घोडं हाकलून देणारा माणूस मावळात कुठे असतो? नववा दिवस उजाडला आणि मावळला. त्याबद्दल कुणी बोललं नाही.

पुढची सहा वर्षं आमच्या घराने आणि गावाने मिळून ते घोडं पाळलं. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडायची. ते ओरडलं, की वडील बसलेल्या पाहुण्यांना सांगायचे, "खोकला झालाय त्याला." पाहुणे खोकल्यावर काढे सुचवायचे. एकदा पोट बिघडलं म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. वडिलांनी कागदावर घोडा लिहायला सांगितलं. तरुण डॉक्टर अवघडून म्हणाले, "आबा, डोस ठरवायला मला खरा प्राणी कोणता ते कळावं लागतं."

वडिलांनी रस्त्याकडे पाहून घेतलं आणि आवाज उतरवला. "मग डोस गाढवाचा द्या. कागद घोड्याचा करा."

फक्त आई ऐकत नव्हती. गाढवाने कोथिंबीर खाल्ली, गाढवाला पाणी पाजा, असं ती रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. "हळू बोल गं," वडील म्हणायचे. "गाढवाला गाढव म्हणायला कुणाची चोरी हाय?" ती विचारायची आणि आणखी एकदा म्हणायची.

एकदा मी शाळेतून लवकर आले. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. वडील त्याच्या कानामागे खाजवत होते आणि म्हणत होते, "काय रे गाढवा, जेवलास का?" लहानपणी मी पुस्तकात डोकं खुपसून जेवण विसरले, की ते मला याच आवाजात हाक मारायचे. मी फाटकाबाहेर थोडी थांबले आणि मग चपला वाजवत आत गेले.

"घोड्याला माशा लय झाल्यात," ते म्हणाले.

वडील गेले, दहावा झाला, तेरावा झाला. तेराव्याला जेवणं आटोपल्यावर माणसं अंगणात बसली होती. माझे चुलते खाकरून म्हणाले, "वहिनी, एक बोलू का? दादा होता तवर ठीक होतं, त्याच्या तोंडाकडं बघून कुणी बोललं न्हाई. आता लोक हसतील. उद्या टेम्पो बोलावतो. ते गाढव देऊन टाकू कुणाला तरी."

तोंडाने वाद घालणं मला तेव्हाही जमणारं नव्हतं. लिहायला कागदही जवळ नव्हता. मी आईकडे पाहिलं आणि आशा सोडली, कारण सहा वर्षं त्याला गाढवच म्हणत आलेली घरात ती एकटीच होती.

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. अंगणावरून एकदा नजर फिरवली.

"कुठलं गाढव, भाऊजी?" ती म्हणाली. "ह्यांच्या दारात तर घोडं हाय."

चुलते काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात खुंटीवरून ते जोरात ओरडलं आणि बराच वेळ ओरडत राहिलं. कुणी मान वर केली नाही. मग कमिटीतले ते आजोबा, आता काठी टेकत चालणारे, उठता उठता आईला म्हणाले, "खोकला गेला न्हाई वाटतं अजून त्याचा. अडुळशाचा काढा देऊन बघा."