न खडखडणारा एम्बिरा

सुदुंबऱ्याच्या सीताराम आबांचा जगात एकच शत्रू होता, खडखड. तळेगावच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म तयार माल कानाशी हलवून बघण्यात घालवला. वाजला की रिजेक्ट. रिटायर झाले, पण खोड काही गेली नाही. पाहुण्यांकडे गेले तर आधी खाट हलवून बघत, मग बसत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि तिथलं कपाट हलवून आले. त्यांची बायको भागुबाई कपाळाला हात लावायच्या.

लेक अमृता कामानिमित्त झिम्बाब्वेत राहून आली, ती एम्बिरा नावाचं वाद्य घेऊन. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या, आणि त्या अंगठ्यांनी छेडायच्या. आबा त्यावर असे भाळले की म्हणाले, "नातीच्या नामकरणाला मी सोता केलेला वाजिवनार." सगळ्या भावकीला तसं सांगूनही बसले. आता माघार घेतली तर नाकच कापलं जाणार होतं.

सागाची फळी आली. पट्ट्यांसाठी घरातल्या छत्र्यांच्या काड्या गेल्या. त्या तापवून, ठोकून चपट्या केल्या. पट्टी पुढे सरकवली की सूर उतरे, मागे ओढली की चढे. तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशा हळुवार हातांनी आबांनी त्या लावल्या. मूळ वाद्याच्या फळीवर बाटल्यांची बुचं सैल ठोकलेली होती. आबांनी मात्र आपली बुचं अशी आवळली की मुंगी शिरू नये.

विहारात वंदना झाली, नाव ठेवून झालं, आबा वाजवायला बसले. डब्यावर चमचा आपटावा तसा आवाज आला. नातीने भोकाड पसरलं. भावकी केवळ जेवण बाकी होतं म्हणून बसून राहिली.

"आबा, बुचं सैल करा," अमृता त्यांच्या कानाशी म्हणाली. "ती झणझणायलाच हवीत. तिकडे त्याशिवाय गाणं पुरं होत नाही."

"खडखडणारा माल मी पास करनार न्हाई."

"मग रडू द्या तिला," भागुबाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी माज्या छत्र्या मोडल्या व्हय?"

आबांनी रडून लाल झालेल्या नातीकडे पाहिलं. काढा प्यायल्यासारखं तोंड करून त्यांनी पक्कड मागितली, एकेक बूच सैल केलं आणि पुन्हा अंगठे टेकवले. सूर झणझणत निघाला. नात रडता रडता थबकली, डोळे मोठे करून आजोबांकडे बघत राहिली आणि बोळकं उघडून हसली.

"लय बेकार खडखडतंय," आबा डोळे पुसत म्हणाले, आणि पंगत उठून भांडी घासून झाली तरी त्यांनी ते वाद्य कुणाच्या हाती दिलं नाही.