लग्नाची पांढरी साडी

सीताबर्डीच्या दुकानात माझ्यासोबत साड्या दाखवणारी ती बी.कॉम. झालेली मुलगी रिकाम्या वेळी साडी नेसवलेल्या पुतळ्याशी इंग्रजीत बोलायची. "चुकलं तरी हा हसत नाही, काका," म्हणायची.

एकदा इथिओपियाच्या एका विद्यार्थिनीने पांढरी साडी मागितली. घरात कोणी वारलं असेल, असं समजून मी आवाज खाली आणला. हिने मात्र अडखळत इंग्रजीत कशासाठी हवी ते विचारलंच. उत्तर ऐकून हिचा चेहरा फुलला.

"काका, तिच्या बहिणीचं लग्न आहे! त्यांच्यात आनंदाच्या दिवशी पांढरंच घालतात."

मी लगेच जरीकाठाची काढली.

पुढे एका हॉटेलच्या मुलाखतीत तिने हाच किस्सा इंग्रजीत सांगितला. नोकरी लागली, तशी पेढे घेऊन आली.

"मी बोलताना चुकून राहिली होती, काका. पण साहेब 'मग काय झालं?' हेच विचारून राहिले होते मले."