एकशे अठरा पौंडांचा कोष्टी

मॅट्रिकनंतर दोन वर्षं मी नागपुरात बिननोकरीची काढली आणि त्या अवधीत वाचनालयाची दोन कपाटं वाचून संपवली. मग तुरुंगाच्या दवाखान्यात कारकुनाची तात्पुरती जागा निघाली. मुलाखतीत विचारलं, "अक्षर कसं आहे?" मी चार ओळी लिहून दाखवल्या. दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या जागेला दुसरं काही लागतही नव्हतं, हे मला हळूहळू कळलं.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. दवाखाना म्हणजे चुना फासलेल्या तीन खोल्या. एकीत खाटा, एकीत डॉक्टर, तिसरीत हेडक्लार्क, मी आणि कपाटं. प्रत्येक कैद्याचं पुठ्ठ्याचं एक तिकीट असे. त्यावर त्याची शिक्षा, त्याला दिलेलं काम, त्याचे आजार आणि त्याचं वजन. दर पंधरा दिवसांनी वजन घ्यायचं, तिकिटावर लिहायचं, मग रजिस्टरात उतरवायचं. एका पंधरवड्यात तीन पौंडांहून जास्त घट दिसली तर आकडा लाल शाईने लिहायचा. लाल आकडा दिसला की डॉक्टरांना खुलासा लिहावा लागे, खुलासा वरच्या कचेरीत जाई, आणि तिथून नव्या शंका घेऊन परत येई. त्यामुळे लाल शाईचा उपयोग कोणी करत नसे. दौत वाळून तिच्या तळाशी खपली धरली होती.

वजनाचा काटा तर मी येण्याच्या आधीपासूनच बंद होता. दांडीवर सरकणारं पितळी वजन कोणीतरी लांबवलं होतं. तुरुंगात चोरी झाली हे कुठल्या भाषेत कळवावं, यावर तीन महिने पत्रव्यवहार झाला आणि मग नव्या काट्याच्या मागणीचा कागद वर गेला. तो तिथेच राहिला. दसऱ्याला मात्र काटा धुऊन-पुसून त्याला झेंडूची माळ घालत. सुपरिंटेंडेंटसाहेब स्वतः हळदकुंकू वाहत आणि सेवेच्या साधनांवर पंधरा मिनिटं बोलत. कैदी उन्हात उभे राहून ऐकत.

काट्याशिवाय वजन कसं लिहायचं ते हेडक्लार्कने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. ते पान खात, चष्मा कपाळावर ठेवत आणि कोणालाही दुखवत नसत.

"एकदा एक पौंड वर घे, एकदा खाली," ते म्हणाले. "सारखा तोच आकडा नोको लिहू. मुर्दा वाटते. कागदावर माणूस जिता दिसला पायजे."

मी ते लवकर शिकलो. रविवारी सकाळी खुर्चीत बसून मी शेकडो माणसांना एकेक पौंड देत असे किंवा त्यांच्याकडून काढून घेत असे. दिवाळीच्या पंधरवड्यात मी सगळ्यांनाच एक पौंड दिला. इतक्या लोकांना एकाच वेळी जेवू घातल्याचं समाधान मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

तो कोष्टी उमरेडकडचा होता. विहिरीवरच्या पाण्यावरून भांडण झालं, त्यात त्याने चुलतभावाला मागाचं लाकूड फेकून मारलं. भाऊ वाचला, डोळा गेला. तीन वर्षं सक्तमजुरी झाली, त्यातलं दीड वर्ष उरलं होतं. आत येताना त्याने धंदा विणकाम सांगितला, पण त्या दिवशी काटा चालू होता आणि काट्याने एकशे सोळा पौंड दाखवले. तिकिटावर 'शरीर सुदृढ' असं पडलं. सुदृढ शरीर दळणाच्या चक्कीवर जाई. विणकामखातं हे हलकं काम होतं आणि हलक्या कामाला डॉक्टरांची शिफारस लागे.

तो माझ्या खिडकीशी आला तेव्हा कैदी-वॉर्डर, म्हणजे पहाऱ्याला नेमलेला कैदीच, त्याच्या मागे उभा होता. कोष्ट्याने दोन्ही हातांनी गज धरले होते, उभं राहण्यासाठी.

"बाबूजी, मले काट्यावर उभं करा ना एकडाव."

"काटा बिघडलेला आहे."

"मंग तिकिटावर कसं लिवता?"

मी हेडक्लार्ककडे पाहिलं. ते म्हणाले, "ते सरकारी वजन असते."

वॉर्डर हसला. कोष्टीही हसला आणि हसता हसता खोकू लागला. खोकला थांबल्यावर त्याने सांगितलं की चक्कीचा दांडा आता त्याच्याने फिरत नाही. जोडीदार एकटाच फिरवतो आणि बराकीत गेल्यावर त्याचा वचपा काढतो. विणकामात टाका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "मागावर मी मरत नाही बाबूजी. चक्कीवर मरून राहिलो."

मी त्याला डॉक्टरांसमोर नेलं. डॉक्टर सभ्य होते, स्वच्छ कपड्यांचे, इंग्रजी मासिकं वाचणारे. ते आधी तिकीट पाहत आणि मग, वेळ उरला तर, माणूस.

"एकशे अठरा," ते म्हणाले. "त्याआधी एकशे सतरा. आला तेव्हा एकशे सोळा. याचं वजन वाढतं आहे, आणि हा म्हणतो खंगलो. मी याला काय समजू?"

"साहेब, माह्याकडं पाहा ना," कोष्टी म्हणाला.

"पाहिलं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खोकल्याचं पांढरं औषध लिहून दिलं. दाखल होतानाच्या वजनापेक्षा दहा पौंड घट असल्याशिवाय हलक्या कामाची शिफारस करता येत नाही, असा नियम होता. तो त्यांनी मला वाचूनही दाखवला. मी तो आधीच वाचलेला होता. एकशे अठरा हे माझंच अक्षर होतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

धान्याच्या गोदामातला काटा चालू होता. तो कधीच बिघडत नसे. तिथे व्यापाऱ्यांचा माल यायचा आणि तुरुंगाला धान्य पुरं मोजून हवं असे. दुसऱ्या दिवशी औषधाच्या पेट्या आणायच्या निमित्ताने मी कोष्ट्याला तिथे नेलं. वॉर्डरने त्याला तांदळाच्या पोत्यांमधून वाट काढून काट्यावर उभं केलं. "हालू नोको गा," तो म्हणाला. कोष्टी हाललाच नाही. काटा एक्क्याण्णववर थांबला.

मला वाटलं, आता सोपं झालं. मी आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि हेडक्लार्कच्या पुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"एकशे अठरातून एक्क्याण्णव गेले किती?"

"सत्तावीस."

"पंधरा दिवसांत सत्तावीस. लाल शाई. खुलासा. चौकशीले येतीन, म्हनतीन काटा दाखवा. मंग दीड वर्षाचं रजिस्टर दाखवा. त्यात अक्षर कोणाचं?" त्यांनी पानाचा तुकडा दाढेखाली सरकवला. "तू अजून तात्पुरता आहे ना गा?"

डॉक्टरांना मी त्याच दुपारी एकटं गाठून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि या दीड वर्षाच्या पानांवर माझ्या सह्या आहेत त्यांचं काय?" त्यांनी मासिक पुन्हा उघडलं. आवाज चढवला नव्हता. मला माणसाबद्दल बोलायचं होतं आणि त्यांना सह्यांबद्दल, आणि सह्या माझ्या माणसापेक्षा संख्येने पुष्कळ होत्या.

तोड हेडक्लार्कने काढली. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. "त्याले उतरव," ते म्हणाले. "दर पंधरवड्याले दोन पौंड. लाल शाई लागत नाही. एकशे अठरावरून एकशे सहावर येते, आला तेव्हाच्या वजनातून दहा पौंड घट झाली. मंग डॉक्टर शिफारस करते. कोणाले काही विचारावं लागत नाही."

मी हिशेब केला. सहा पंधरवडे. तीन महिने.

एक्क्याण्णव हा आकडा मी त्याच दिवशी लिहू शकत होतो. दौतीत पाणी घातलं असतं तर लाल शाई झाली असती. मी एकशे सोळा लिहिलं. मला नोकरी हवी होती. याहून मोठं कारण मी पुढे कित्येकदा शोधून पाहिलं, पण ते नव्हतंच.

कोष्ट्याला मी सगळं समजावून सांगितलं. त्याने ते फार नीट ऐकलं, विणकर ताण्याचा नमुना ऐकून घेतो तसं.

"म्हंजे कागदातला मी लठ्ठ आहो," तो म्हणाला. "तो बारीक होयेपर्यंत मी चक्की दळाची."

"तीन महिने," मी म्हणालो.

"बरं हाय. त्याले सांगा लवकर बारीक हो म्हनाव."

त्यानंतर दर पंधरवड्याला तो खिडकीशी येई आणि कागदातल्या माणसाची खुशाली विचारी. एकशे चौदा. एकशे बारा. "अजून लय खाऊन राहिला साला," तो म्हणे. मीही हसे. दर वेळी गजांवरची त्याची बोटं जास्त लांब दिसत. मी आकड्याकडे पाहत असे. डॉक्टरांची सवय मला लागली होती.

एकशे दहाच्या पंधरवड्यात पाहुणे आले. नागपूर तेव्हा राजधानी होती, पाहुण्यांना तोटा नव्हता. हे गृहस्थ चळवळीच्या काळात इथे राहून गेलेले होते आणि आता मोठ्या जागेवर होते. आठ दिवस आधी भिंतींना चुना लागला, कुंड्या आल्या, खाटांवर नव्या चादरी आल्या आणि त्या मळू नयेत म्हणून बरे दिसणारे आजारी तेवढे ठेवून बाकीचे बराकीत परत पाठवले. पाहुण्यांनी आपल्या जुन्या कोठडीच्या दाराला हार घातला. मग पटांगणात भाषण झालं.

"याच भिंतींच्या आड माझं वजन अठरा पौंडांनी घटलं," ते म्हणाले. आवाज जरा कापरा झाला. सुपरिंटेंडेंटसाहेबांनी डोळे टिपले.

कोष्टी दुसऱ्या रांगेत होता. "टाळ्या वाजव गा," वॉर्डर त्याच्या मागून म्हणाला. त्याने वाजवल्या.

पाहुण्यांनी माझं रजिस्टर चाळलं. लाल आकडा एकही नव्हता. "आमच्या वेळी पानं लाल असायची," ते म्हणाले, आणि भेटीच्या पुस्तकात समाधान वाटल्याचं लिहून गेले. माझ्या अक्षराचीही त्यांनी चौकशी केली.

दोन दिवसांनी कोष्टी खिडकीशी आला. "ते साहेब अठरा पौंड घटले म्हने. मी किती घटलो?"

"कागदावर आठ."

"आन खरा?"

मी रजिस्टराचं पान उलटलं.

"मंग मले बी एक हार पायजे होता," तो म्हणाला. वॉर्डरला हे इतकं आवडलं की त्याने ते सगळ्या बराकीत सांगितलं, आणि चार दिवस कैदी कोष्ट्याला मंत्रीसाहेब म्हणत होते.

एकशे सहा लिहिलं त्या सकाळी मी तिकीट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आकड्यांवरून बोट खाली आणलं. "अशी नोंद असली की आम्हाला काम करता येतं," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे शिफारस लिहिली. दुपारी कोष्टी विणकामखात्यात होता. मी मुद्दाम पाहायला गेलो. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो बसला होता आणि धोटा त्याच्या हातातून आपोआप जात-येत होता. पायाने मात्र पावडी दाबली जात नव्हती. शेजारच्या मागावरचा कैदी मधूनच आपला पाय लांब करून ती दाबून देत होता. कोष्ट्याने मला पाहिलं आणि धोटा पुढे सारला. तो कामात होता.

चार दिवस तो मागावर बसला. पाचव्या दिवशी ताण्यावर रक्ताची उलटी झाली. विणकामाच्या मुकादमाने दीड वार कापड खराब झाल्याचा कागद दवाखान्याकडे पाठवला. तो मी कोष्ट्याच्या तिकिटाला जोडला, कारण दुसरी कुठे जोडायची जागा नव्हती. नऊ दिवस तो आमच्या खाटेवर होता. चादर चांगली होती, पाहुण्यांसाठी आलेलीच. नवव्या दिवशी सकाळी कंपाउंडरने येऊन सांगितलं की खाट रिकामी करायची आहे.

डॉक्टरांनी कारण लिहिलं, क्षय. खाली लिहिलं की घट लक्षात येताच हलकं काम दिलेलं होतं. शेवटच्या वजनाचा रकाना माझा होता. "दोन पौंड," हेडक्लार्क हळूच म्हणाले. मी एकशे चार लिहिलं.

उमरेडला तार गेली. त्याची बायको दुसऱ्या दिवशी छोट्या रेल्वेने इतवारीला उतरली आणि तिथे धान्यबाजारात हमाली करणाऱ्या भावाला घेऊन बाजूच्या फाटकाशी आली. बैलगाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. स्ट्रेचर सरकारी असल्यामुळे फाटकाबाहेर जाऊ शकत नव्हतं. भाऊ वाकला आणि पोतं घ्यावं तसं त्याने मेहुण्याला खांद्यावर घेतलं, एकदा जरा उसळून नीट बसवलं, आणि तिथेच थांबला.

मी त्याच्या बहिणीला पावती वाचून दाखवत होतो. नाव, गाव, खुणा, उंची, वजन.

"वजन किती म्हनता?" भावाने विचारलं.

"एकशे चार पौंड."

"शेरात सांगा ना बाबूजी."

मी मनात हिशेब केला. "पन्नास शेर. सव्वा मण."

त्याने खांदा पुन्हा एकदा हलवून पाहिला. "मणाच्या आत आहे. दोन शेर कमीच भरन." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, बाजारात तो रोज हेच बोलत असणार. "बारा शेरांचा फरक आहे. इतवारीत एवढ्या फरकावर माल घेत नाही कोणी."

"काहून बोलून राहिला दादा," बहीण म्हणाली. "ऊन चढलं."

मी तिचा अंगठा शाईवर टेकवून पावतीवर उमटवला. ठसा पुसट आला. दुसरा लावला, तोही रकान्याबाहेर गेला. नवी पावती भरावी लागली. मी पुन्हा सगळं लिहिलं, एकशे चारही लिहिलं. भाऊ तोवर तसाच उभा होता. ओझं जरा खाली ठेव, असं मी त्याला म्हणालो.

"राहू द्या," तो म्हणाला. "याचं वझं नाही होत."