दाळ मिलमधला पांढरा कागद

एक मशीन म्हणत होतं, मिलमध्ये धूळच धूळ. दुसरं म्हणत होतं, धूळ नाहीच. आणि दोन्ही मशीनं मागवून घेणारा मी शहाणा मधे उभा राहून डोकं खाजवत होतो.

जालन्याच्या एका दाळ मिलमध्ये मी मेंटेनन्स इंजिनियर होतो. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. जालना अजून जिल्हा व्हायचा होता. मी बदनापूरहून रोज रेल्वेनं यायचो. तूर रोलरमधून गेली की तिचं साल निघतं, आणि त्या सालाची बारीक पिवळी धूळ हवेत उडते. रोलरपाशी गयाबाई कामाला होती. खाली सांडलेली तूर गोळा करून परत वर टाकायची. घरात कमावणारी ती एकटीच. वर्षभर खोकत होती. शेवटी डॉक्टरनं चिठ्ठी दिली, छातीत धूळ गेलीय म्हणून.

मी चिठ्ठी घेऊन शेठकडे गेलो. म्हटलं, "रोलरवर एक्झॉस्ट फॅन लावू. धूळ ओढून बाहेर काढू."

शेठ म्हणाले, "धूळ सगळ्यांच्याच नाकात जाते. बाकीचे का नाही खोकत? तुम्ही असं करा, मशीननं मोजा. मशीन बोललं धूळ जादा, तर फॅन बराबर लावतो. नाही बोललं, तर बाईनं घरी बसावं. पंधरा दिवसांत सांगा."

आता धूळ मोजायची कशानं? मुंबईच्या एजंटनं पंधरा दिवसांच्या बोलीवर दोन मशीनं पाठवली. पहिल्यात एका बाजूला बल्ब, समोर काच. मधे धूळ आली की काचेवर उजेड कमी पडतो आणि काटा चढतो. दुसरं म्हणजे हवा ओढणारा पंप. त्याच्या तोंडाशी फिल्टर पेपर बसवायचा. दिवसभर हवा ओढायची, संध्याकाळी कागद काढून वजन करायचं. जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ. हे वजन साध्या तराजूवर होत नाही. बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडच्या नाजूक काट्यावर मी रोज कागद तोलून आणायचो.

बल्बवाल्याचा काटा पहिल्याच दिवशी टोकाला गेला. मी खूश! पण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मिल बंद, तरी काटा टोकालाच. काच पुसली, काटा खाली. मिल चालू झाली, संध्याकाळपर्यंत परत वर. म्हणजे हे हवेतली धूळ मोजत नव्हतं, स्वतःच्या काचेवरची मोजत होतं. गेलं बाद.

राहिला पंप. त्याचा कागद रोज संध्याकाळी पांढराशुभ्र! वजन जवळपास तेवढंच. मी पंप तपासला, ठीक. नळी तपासली, ठीक. कागद बदलले. जागा हातभर सरकवली. काही उपयोग नाही. तिकडे माझा रुमाल मात्र रोज पिवळा होत होता. मग खोटं कोण, रुमाल की कागद? रात्री जेवताना बायको म्हणाली, "कुणाशी बोलताय?" मी त्या पंपाशीच भांडत होतो.

बाराव्या दिवशी शेठनं बोलावलं. "काय म्हणतं मशीन?"

"अजून नक्की नाही, शेठ."

"कागद तर पांढरा आहे! मंग नक्की काय व्हायचं राहिलं? महिन्याअखेर बाईला सांगून टाका."

माझ्याच मशीननं माझा पत्ता कापला होता.

त्याच दुपारी एजंटचा माणूस बल्बवालं मशीन न्यायला आला. एरवी मी सकाळी पंप सुरू करून ऑफिसात जायचो, तो संध्याकाळीच परत. धूळ मोजणारा मी, पण धुळीत थांबायला नको! त्या दिवशी ते मशीन काढून द्यायला भर दुपारी रोलरपाशी गेलो, आणि जागीच थांबलो. पंपाच्या तोंडावर ओला फडका घट्ट बांधलेला. फडका चिखलानं बरबटलेला.

"हे कुणी बांधलं?" मी ओरडलोच.

गयाबाई घाबरून पुढं आली. "म्या बांधते, साहेब, रोज. एवढं महागाचं मशीन, अन् तुमी धुळीत ठिवून जाता. हे तर हवा आत ओढतंय, धूळ जाऊन खराब झालं तर? संध्याकाळी तुमी यायच्या आदी सोडून धुऊन टाकते."

मी फडका सोडून तिच्या हातात दिला, म्हटलं, उद्यापासून बांधू नका. हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी फडक्याशिवाय पंप चालवला आणि दिवसभर शेजारी उभा राहिलो. संध्याकाळी कागद हळदीत बुडवल्यासारखा निघाला. किती धूळ चालते याचा तक्ता एजंटनं मशीनबरोबर दिला होता, वजन त्यातल्या हद्दीच्या कितीतरी पुढं. शेठनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "हे आपल्याच मिलचं?" म्हणाले. पुढच्या महिन्यात फॅन लागला. गयाबाईचं काम राहिलं. पंपही आम्ही ठेवून घेतला.

फॅन लागला त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. मशीन कशासाठी होतं, कागद पांढरा राहिला असता तर काय झालं असतं.

तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मंग आदी सांगायचं न्हाई का, साहेब? म्या माझ्याच हातानं माझं काम घालवून राह्यले होते की!"

ती खो-खो हसायला लागली. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती लवकर थांबेना. तिचा तो खोकला पुढं कमी झाला, पण गेला कधीच नाही.

धूळ मोजायला कोणतं मशीन घ्यावं, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. मी सांगायचो, कोणतंही घ्या. ते कशासाठी आणलंय, एवढं फक्त शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.