आईचा कडू घास

उदगीरच्या स्टँडवर आईने बॅगेत गोधडी कोंबली तेव्हा मी चिडले होते. चेन्नईच्या उकाड्यात गोधडी कशाला? "असू दे गं माय," ती म्हणाली. "पोचलीस की आवाज दे."

आवाज मी पुष्कळ दिला, तिला सोडून. वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये पहिली दोन वर्षं मी इअरफोन घालूनच काढली. बाहेर सगळं तमिळ, कानात मराठी गोष्टींचे पॉडकास्ट. भाजी चिरताना, स्टेशनचा जिना चढताना कुणीतरी माझ्या भाषेत बोलत असायचं आणि उत्तर मागायचं नाही. आईच्या फोनमध्ये हे सुख कुठलं? ती विचारणार, जेवलीस का, कधी येणार. गोष्ट रंगात आली असताना तिचा फोन वाजला की मी कापायचे. मग ती व्हॉइस मेसेज पाठवू लागली. ते मी दुप्पट वेगाने ऐकायचे. तमिळ शिकायचं राहिलंच; समोरच्या फ्लॅटमधल्या तमिळ मामी अजून माझ्याशी हातवारे करून बोलतात.

पुढे मीच पॉडकास्टवर गोष्टी सांगायला लागले. रेकॉर्डिंगला पंखा बंद, आणि रस्त्याचे हॉर्न अडवायला डोक्यावरून तीच गोधडी. घामाने निथळत बोलायचे. ऐकणारे मात्र बेताचेच. म्हणून एका भागात मी परगावी राहणाऱ्या मुलीची आई मारली आणि शेवटी माझ्या आईचा खरा मेसेज जोडला: "पोचलीस का गं माय? आवाज दे." तिला विचारलं नाही. ढसाढसा रडलो, असं लोकांनी लिहिलं. मी खूश.

कुणीतरी त्यातला शेवटचा तुकडा लातूरच्या मावशीला पाठवला. माझ्या आवाजात "आई गेली", आणि मागोमाग तिच्या बहिणीचा आवाज. मयताच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास नातलगांनी न्यायचा असतो. मावशी पिठलं-भाकरी बांधून पहिल्या एसटीने निघाली आणि रडत दारात पोचली. दार आईने उघडलं.

"पिठलं बरं झालं होतं," आईने मला फोनवर सांगितलं. "स्वतःचा कडू घास खायला नशीब लागतं."

मी माफी मागितली. ती नुसती गोष्ट होती, म्हणाले.

"गोष्टीतली आईच बरी. मध्येच फोन करत नाही."

भाग काढून टाक, असं ती म्हणाली नाही. मीही काढला नाही. माझा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग तोच आहे.

तेव्हापासून तिचा एकही व्हॉइस मेसेज नाही. रोज सकाळी फुलांचं चित्र येतं. फोन केला तर वहिनी उचलते, आई बऱ्या आहेत म्हणते. जुने मेसेज फोन बदलताना गेले.

तुम्हीही घर सोडलं असेल, तर तुमच्याकडे परतायला काहीतरी असेल. मी गोधडी पांघरते आणि तो भाग लावते. आधी गादीची जाहिरात लागते, ती पुढे सरकवता येत नाही. मग माझ्याच आवाजात आई मरते, आणि त्यानंतरच ती माझ्याशी बोलते.