सुस्त देव

माझा थोरला भाऊ हंबीरराव पंचेचाळीस साली ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतला, तेव्हा त्याच्या उजव्या खांद्यात गोळीचा व्रण होता आणि डोक्यात चिनी खूळ. पलटणीत जाण्याआधी आमच्या गुऱ्हाळाचा गुळव्या तोच. काहिलीतला उकळता रस तासन्‌तास ढवळावा तो त्यानंच. सांगलीच्या पेठेत आमच्या गुळाचं नाव होतं ते त्याच्या हातामुळं, आणि आता तो हात खांद्याच्या वर जाईना. मी त्याला शाळूच्या रानात पाखरं राखायला बसवलं. त्याला ते लय लागलं, हे मला दिसत होतं.

रामगडला चिनी फौजेचीही छावणी होती; तिथल्या लष्करी इस्पितळात लिऊ नावाच्या चिनी आचाऱ्यानं त्याला तीन महिने एक कसरत शिकवली होती. हातानं जोर करायचाच नाही. टाच भुईला दाबायची, गुडघा सैल सोडायचा, कंबर वळवायची, की हात आपसूक मागनं येतो. तालमीत वाढलेला आमचा गडी आधी शड्डू ठोकायचा आणि मग हातानंच रेटायचा. की लिऊची पळी पोटरीवर! कसरत थोडी आली, पळी भरपूर खाल्ली.

शाळवात तो तेच घोटत बसे. बांधावरून जाताना शेजारच्या धोंडुबाईनं पाहिलं, डोळे अर्धे मिटलेले, अंग संथ डोलतंय. दुसऱ्या दिवशी चार बाया नारळ, हळदकुंकू घेऊन हजर.

"अंगात आलंय," धोंडुबाई म्हणाली, "पर देव लय सुस्त हाय."

लाजेनं वहिनीनं घरातून बाहेर यायचंच सोडलं.

पंधरा दिवसांनी गुऱ्हाळाचं चुलाण पेटलं. दादा गुऱ्हाळावर आला.

"ज्ञानू, मला काहिलीवर हुबा ऱ्हाऊ दे."

"खांदा निखळंल, दादा."

"एक काहील दे. न्हाई जमलं, तर जलमभर पाखरं राखतो."

दिली. त्यानं रस ढवळायचं फावडं घेतलं, सवयीनं शड्डू ठोकला आणि हातानं रेटलं. खांदा आखडला. फेस वर चढू लागला, मी फावडं घ्यायला धावलो. तेवढ्यात त्यानं मळी काढायची पळी उचलली आणि स्वतःच्याच पोटरीवर हाणली!

मग टाच दाबली, गुडघे सैल केले, कंबर वळवली. फावडं मागनं आलं. एक फेरा, दुसरा, आणि मग थांबलाच नाही. फेस खाली बसला. माझीच मला लाज वाटली. उगाच घाबरून मी त्याला रानात बसवलं होतं.

गरम गूळ मागायला आलेल्या धोंडुबाईनं ते डोलणं ओळखलं आणि हात जोडले.

"देव कामाला लागला गं बाई! मग आता पाखरं कोन राखनार?"

दादानं फेरा न मोडता हनुवटीनं माझ्याकडं खूण केली.

शाळू निघेपर्यंत मी राखली.