तेरावी पुडी

"धान हाय का बे ते? पाणी नको टाकू म्हणतो नं मी!"

फुलचूरच्या आपल्या घराच्या गच्चीवरून मधू असा ओरडला, की खालून जाणाऱ्या दूधवाल्यानं गाडी थांबवली आणि घाबरून आपल्या कॅनची झाकणं तपासली. ओरडणं माझ्यासाठी होतं. माझ्या हातात अर्धी बादली होती आणि समोर कुंडीत रोझमेरीचं वीतभर झुडूप. माझा दोष एवढाच, की मी केशोरीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जन्मलो. आमच्याकडे पोर रडलं तरी आधी त्याच्या पायाशी पाणी सोडून पाहतात. रोझमेरी पडली दूर देशातल्या समुद्राकाठची, खडकाळ कोरड्या डोंगरातली बाई, तिला पाय ओले झालेले खपत नाहीत. तिच्या आधीच्या चार बहिणी मीच बुडवून मारल्या होत्या, हे मधूच्या पक्कं लक्षात होतं. तेव्हा बाकी बरंच काही त्याच्या लक्षात राहत नव्हतं... हे मात्र होतं. "दोन थेंब टाकले फक्त," मी म्हणालो. "तुझ्या दोन थेंबांत म्हैस पोहली असती," तो म्हणाला आणि बादली माझ्या हातून काढून घेतली.

ही आमची शेवटची भेट. मी गावी केशोरीला गेलो आणि अकरा दिवसांनी सकाळी मधूच्या बायकोचा, विमलवहिनींचा, फोन आला. "भाऊजी, सर गेले. झोपेतच. या." वहिनी जन्मभर खेड्यातल्या उपकेंद्रात नर्स होत्या. त्यांचं बोलणं त्यांच्या सुईसारखं असतं, टोचलं कधी हे कळतही नाही, दुखतं मात्र नंतर दोन दिवस.

मधुकर रहांगडाले. गावासाठी रहांगडाले सर, माझ्यासाठी मधू. केशोरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, धानाच्या पेंढ्याच्या, म्हणजे तणशीच्या, एका ढिगावर झोपलो आणि एकाच मास्तरांच्या छडीनं सुजलो. त्याला झाडांचं वेड होतं. नवेगावच्या जंगलातून आम्ही चाललो, की मधू डावीकडच्या झाडांची नावं घ्यायचा आणि उजवीकडची झाडं आपला नंबर कधी येतो म्हणून पानं सावरून उभी राहायची. एकदा वाटेत वाघ आडवा आला. मी थिजलो. मधू मात्र वाघाच्या पाठीमागच्या वेलीचं नाव आठवत उभा राहिला, अर्धा तास. शेवटी वाघच कंटाळून गेला. यातला वाघ कुणी खोटा म्हणेल तर मी वाद घालणार नाही, पण ती वेल खरी होती. पुढे तो गोंदियाला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागला आणि मी राईस मिलमध्ये मशीनवर चिकटलो. त्याचं नाक पानांच्या वासावर तयार झालं. माझं नाक चाळीस वर्षांच्या कोंड्यानं आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं असं बसलं, की शेजारी घर जळालं तरी मला आगीची बातमी पेपरातूनच कळेल.

निवृत्तीनंतर रोज सकाळी कुडव्याच्या रस्त्यानं आम्ही दोघं फिरायला जायचो. असंच एकदा मोहाच्या झाडाखाली थांबलो. फुलांचा सडा पडलेला. मधू वर बघत म्हणाला, "या वर्षी लवकर आला, हा... हे... हे आपलं झाड." मी म्हटलं, "कोणतं?" "तेच गा. ज्याची फुलं येचाले माय जात होती. ज्याचं तेल... ज्याची दारू..." सगळं आठवत होतं, आई, टोपली, दारू, तिचा वास. नाव तेवढं नव्हतं. मी हसून "मोह" म्हणालो. तो हसला नाही. खिशातून पेन काढून त्यानं डाव्या तळहातावर 'मोह' असं लिहिलं आणि मूठ मिटली. या मातीत जन्मलेल्या माणसानं मोह विसरावा म्हणजे पोरानं बापाचं नाव विसरण्यासारखं. परत येताना मी वाघाची, चोराची, मिलमध्ये शिरलेल्या अजगराची, अशा तीन गोष्टी सांगितल्या. त्यानं एकही ऐकली नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सुरुवात आहे, लक्ष ठेवू. मधूनं स्वतःवर लक्ष ठेवायचं ठरवलं, तेही आपल्या पद्धतीनं. महिनाभर तो कॉम्प्युटरपुढे बसून होता आणि एका सकाळी मला म्हणाला, "रोझमेरी." मला वाटलं कुणा बाईचं काही प्रकरण आहे, आणि मी खुर्ची जवळ ओढली. निघाला पाला. तिच्या वासानं स्मरणशक्ती सुधारते, असं लोक जुन्या काळापासून मानत आले आहेत आणि आता ते खरं का हे शास्त्रज्ञ तपासत आहेत, असं त्यानं वाचलं होतं. तिच्या पानांत अमुक आम्ल असतं, ते पेशींना गंज चढू देत नाही. तिच्या तेलात तमुक द्रव्य असतं, ते हुंगल्यावर रक्तात उतरतं. माझे डोळे चमकले. "मग हुंग नं बे, वाट कायची पाहून राहिला?" त्यानं माझ्याकडे नापास पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "उंदराले फायदा झाला म्हणजे माणसाले झाला असं नसते. माणसांवरचे प्रयोग हायेत, पण लहान हायेत. कोणाले फरक दिसला, कोणाले नाही दिसला. मी आशेनं हुंगलो त मले फरक वाटणारच. वाटणं येगळं, असणं येगळं."

म्हणून प्रयोग. आणि प्रयोगासाठी गोंदियासारखं गाव जगात नाही, असं त्याचं म्हणणं. का, तर इथे रोझमेरीचा वास कुणालाच माहीत नाही. ज्याला वास ओळखता येत नाही, त्याला आपल्या पुडीत खरी रोझमेरी आहे की दुसराच पाला, हे कळणार कसं? रोपं नागपूरहून मागवली. इथला नर्सरीवाला ती पाहून म्हणाला, "सर, ये तो बरसात में गल जाएगी." कुजायला बरसात लागली नाही, मीच पुरलो. पाचवं झुडूप मात्र मधूनं वाळू, खडी आणि विटांच्या तुकड्यांत लावलं आणि माझ्यापासून चार हात दूर ठेवलं. ते जगलं.

कुडव्याच्या रस्त्यावर फिरायला येणारे सगळे म्हातारे गोळा करायचं काम माझं. "सरांच्या घरी चहा-पोहे आहेत," एवढं मी सांगितलं, आणि गावात बातमी अशी फिरली, की सरांना टकलावर केस उगवायचं औषध सापडलं. पहिल्या रविवारी जे आले त्यांतल्या निम्म्यांनी येताना टोप्या काढून ठेवल्या होत्या. मधू म्हणाला, "केसांवरही अभ्यास हायेत, पण आज आपण डोक्याच्या आतलं पाहून राहिलो." तरी आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमननं पुडी हुंगायच्या ऐवजी दहा मिनिटं डोक्यावर घासलीच.

रीत अशी होती. पुड्या वहिनी बांधायच्या आणि वहिनीच वाटायच्या. कुठल्या पुडीत काय, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं, आणि ती वही कपाटात कुलपात. मधूलाही पत्ता नाही. "मले माहीत असलं त माझा चेहरा सांगून देईन," तो म्हणायचा. दहा मिनिटं पुडी हुंगायची. मग मधू वीस शब्द वाचणार... छत्री, बैल, आरसा, शिट्टी, असे. मग वीस मिनिटं गप्पा, कारण गप्पा मारल्या नाहीत तर सगळे मनातल्या मनात शब्द घोकत बसतील. मग कागद. जेवढे आठवतात तेवढे लिहा. असे आठ रविवार.

गप्पांचं खातं अर्थातच माझ्याकडे आलं. त्या आठ रविवारी मी फुलचूरच्या गच्चीवर जे बोललो ते कुणी लिहून घेतलं असतं तर... असो. अजगर मिलच्या हॉपरमधून, म्हणजे धान ओतायच्या तोंडातून, शिरून पॉलिश होऊन बाहेर पडला, तो याच काळात. आणि माझी पुडी! काय तिचा वास. तिच्यात समुद्र होता, डोंगर होते, कुणा परदेशी बाईच्या ओल्या केसांचा दरवळ होता. खर्ऱ्याच्या ठेल्यावर मी लोकांना तो वास इतक्या बारकाईनं सांगितला, की दोघांना तिथेच शिंका आल्या. मला पक्की खात्री, माझ्या पुडीत अस्सल रोझमेरी आहे.

आता जे सांगायला हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. मी चोरी केली. मधू शब्द वाचायचा तेव्हा मांडीवर माझा खांद्यावरचा दुपट्टा असायचा, दुपट्ट्याखाली डावा तळहात आणि उजव्या हातात पेनाची कांडी. वीसच्या वीस. युक्ती त्याचीच, मोहाखाली पाहिलेली. अधूनमधून एखादा शब्द मुद्दाम गाळायचो, संशय नको म्हणून. का केलं? मला रोझमेरी जिंकायला हवी होती. माझा मित्र तिच्याकडे कसा बघतो ते मी पाहत होतो. तो कितीही म्हणो वाटणं वेगळं आणि असणं वेगळं, कुंडीला हात लावताना त्याची बोटं आशेनंच लावायची. माझ्या वीस शब्दांनी तिचं पारडं जड झालं, तर तो रोज हुंगेल, आणि कोण जाणे... मोह त्याला पुन्हा कधी विचारावा लागणार नाही.

आठव्या रविवारनंतर वहिनींची वही उघडली. मधू दोन दिवस आकडे मांडत बसला आणि मग सगळ्यांना बोलावून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. "रोझमेरी हुंगणारे आणि दुसरा पाला हुंगणारे, दोघांत फरक नाही दिसला. बारा म्हाताऱ्यांवरून काही सिद्ध होत नसते, हेही सांगतो. मोठ्या प्रयोगात उद्या दिसलंही. पण आपल्या गच्चीवर नाही दिसलं."

एक तर, बारा? मी नजरेनं खुर्च्या मोजल्या. आम्ही तेरा होतो. बिचारा माणसं मोजायचंही विसरला, मला वाटलं, आणि कुणी काही बोलायच्या आत मी मोठ्यानं चहा मागितला. दुसरं त्याहून वाईट. घरी आल्यावर उमगलं, की माझ्या पुडीत दुसराच पाला असेल, तर माझे वीस शब्द पलीकडच्या पारड्यात पडले. रोझमेरी जिंकत असेल तर तिला मी हरवलं. चार रोपं पाण्यानं मारली, पाचवं तळहातावरच्या शाईनं. आणि ज्या माणसाला तिचा उपयोग होता, त्यानं माझ्यामुळे तिच्यावर फुली मारली.

मी सांगितलं नाही. जन्मभर खोटं बोलायचा सराव केला, खरं बोलायचा राहून गेला. मधू मात्र प्रयोगानंतर मोकळा झाल्यासारखा वागू लागला. त्यानं गच्चीवरच्या प्रत्येक कुंडीत नावाची पट्टी खोचली, ठसठशीत अक्षरात. कडुनिंब, अडुळसा, गवती चहा. मोहाचं एक रोपही आणलं, त्याची पट्टी सगळ्यांत मोठी. "डोक्यात राहत नाही त कुंडीत राहू दे," म्हणाला. रोझमेरीची दोन पानं रोज चुरडून हुंगायचाच. मी विचारलं, "आता कायले?" म्हणाला, "औषध नसलं त काय झालं, वास त चांगला हाय." दोन वर्षं तो असा जगला. पट्ट्या वाचत, नवनव्या विषयांवर भांडत, आणि माझ्या बादलीवर डोळा ठेवून. शेवटी स्मरणशक्तीच्या आधी हृदयच थांबलं. मोह हे नाव त्याच्याकडे शेवटपर्यंत होतं, पट्टीवर का असेना.

तेरवीच्या दिवशी वहिनींना सांगायचं ठरवून गेलो होतो. माणसं फार होती. ती सबब पुढे सहा आठवडे पुरली. मागच्या रविवारी सकाळी गेलो तेव्हा वहिनी गच्चीवर रोझमेरीपाशी होत्या. दोन पेरं बोट मातीत खुपसून ओल पाहत होत्या, त्यानं शिकवलं तसं. ओल होती. त्यांनी पाण्याचा तांब्या तसाच बाजूला ठेवला. खुर्च्या भिंतीशी एकात एक रचून ठेवलेल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, दुपट्टा, तळहात, वीस शब्द. माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट, जिच्यात मी काही घातलं नाही. शेवटी म्हणालो, "वहिनी, माझ्यापायी त्याचा प्रयोग बुडला."

वहिनींनी बोट पदराला पुसलं.

"शाई चहाच्या कपाले लागत होती," त्या म्हणाल्या. "मीच घासत होती."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं?"

"तुमाले मोजणीत धरलंच नवतं, भाऊजी. पह्यल्यापासून बाराच होते. तुमची पुडी तेरावी."

मी एक खुर्ची काढून बसलो. बारा. आणि मी त्या दिवशी मोठ्यानं चहा मागितला होता...

"काय होतं माझ्या पुडीत?"

"तणीस. धानाची."

समोर कुंडीतल्या पट्टीवर मधूच्या अक्षरात रोझमेरी लिहिलं होतं. त्याखाली बारीक अक्षरात, माझ्या ओळखीचं, 'पाणी नको'.

"मग आठ रविवार मला बोलावलं कायले?"

"मधल्या वीस मिनिटांत," वहिनी म्हणाल्या, "बाकीच्याईले शब्द विसरवायले कोणीतरी पाहिजे होतं."